मनगटाची नोटीस

आमची अक्का ७४ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात पहाटे उठून मोरीत गेली आणि पायपुसण्यावरून पाय सटकून खाली बसली. ‘पडली’ म्हणावे असेही ते पडणे नव्हते. पण खुब्याचे हाड मोडले. शेजारीपाजारी हळहळले, ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणाले. मीही मान हलवली.

इस्पितळात दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. वॉकर धरून अक्का उभी राहिली. काम चोख होते. घरी येताना मिळालेली फाइल मी बँकेतल्या जुन्या सवयीने ओळन्‌ओळ वाचली. टाके कधी काढायचे, व्यायाम कोणता, सारे त्यात होते. हाड एवढ्याशा धक्क्याने का मोडले, याबद्दल मात्र अक्षर नव्हते.

मग आठवले. तीन वर्षांपूर्वी घरातच अडखळून अक्काचे मनगट मोडले होते. प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले, कॅल्शियमच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, प्रकरण बंद! तेव्हाही कोणी ‘का’ विचारले नाही. मीसुद्धा नाही.

बँकेत कर्जदाराचा हप्ता चुकला, की आम्ही त्याला लगेच बोलावून घेत असू. खाते बुडेपर्यंत गप्प बसलो असतो, तर आमचीच चौकशी लागली असती. हाडांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. मनगट ही नोटीस होती; आम्ही ती फाइलला लावून टाकली.

हाडांतली शिल्लक साधारण तिशीपर्यंत वाढते, पुढे ती हळूहळू खर्ची पडते. बायकांची पाळी गेल्यावरच्या काही वर्षांत तर ती झपाट्याने घटते. दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून कळत नाही. डेक्सा नावाची साधी, वेदनारहित तपासणी हाडांची घनता सांगते. तिच्यातला आकडा उणे २.५ किंवा त्याखाली गेला, की हाडे ठिसूळ झाली असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवून दिले. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले, तर ही तपासणी मागून घ्यावी.

आणि हे प्रकरण नुसते लंगडण्याचे नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांत एक जण वर्षभरात दगावतो, असे अनेक देशांतले आकडे सांगतात. म्हणून मालिश आणि लेप यांत दिवस न घालवता शक्य तर ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असा डॉक्टरांचा आग्रह असतो.

आता सरकारी हिशेब पाहू. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण ही योजना इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी. बाह्यरुग्ण म्हणून केलेली तपासणी आणि वर्षानुवर्षे घ्यायची औषधे तिच्यात बसत नाहीत. म्हणजे हाड मोडले तर लाखाचे बिल मंजूर, मोडू नये म्हणून करायचा खर्च पदरचा! माझ्या शाखेत असा हिशेब कोणी मांडला असता, तर मी सही केली नसती.

दुसरी वाट आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९९ साली एक व्यवस्था सुरू झाली. हाड मोडून आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाची नोंद एक परिचारिका ठेवते, त्याची तपासणी करवते, औषध सुरू होईल हे पाहते. पुढे अनेक देशांनी ती उचलली. त्यासाठी लागते ती एक वही आणि ती सांभाळणारे जबाबदार माणूस. आपल्या जिल्हा रुग्णालयांना हे अवघड का असावे?

औषधे आहेत. आठवड्याला एक गोळी असते. ती उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषधही आहे. कोणते घ्यायचे, ते डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी करून ठरवतात. नाचणीची भाकरी, दूध, कोवळे ऊन, रोजचे चालणे हवेच. पण हाडे ठिसूळ झाल्यावर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही. आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी मनानेच महिनोन्‌महिने घेत राहणे धोक्याचे.

अक्काच्या मोरीत आता भिंतीला दांडा बसवला आहे, रात्री दिवा असतो, पायपुसणे गेले. तिची तपासणी झाली, औषध सुरू आहे. परवा म्हणाली, “माझं झालं. आता तू कधी जातोस? आई शेवटी कशी वाकली होती, आठवतं ना?”

आठवते. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. मणक्याची हाडे आतल्या आत दबून माणूस वाकतो, बुटका होतो, हे आत्ता कळले. पुढच्या सोमवारी मी तपासणीला जाणार आहे.