लेखणीचं गिऱ्हाईक कोण?

“आकर्षक लिहा, वाचक वाढवा, पैसे कमवा” हा सल्ला इंटरनेटवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. कमाईला माझा विरोध नाही. लिहिणं ही मेहनत आहे आणि मेहनतीचा मोबदला हलाल आहे. प्रश्न एवढाच, की तो देतो कोण?

गुगलची ॲडसेन्स योजना 2003 पासून लिहिणाऱ्यांना जाहिरातींचे पैसे देते. 2024 मध्ये तिने हिशेबाची रीत बदलली. आता क्लिक मोजत नाहीत, जाहिरात किती वेळा दिसली ते मोजतात. म्हणजे गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि विकला जाणारा माल म्हणजे वाचकाचे डोळे. डोळे सर्वांत लवकर खेचते ती भीती. म्हणूनच मुसलमान लेखकाकडून तलाक, बुरखा, दंगल एवढंच मागितलं जातं. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर लेख सुचवला, तर मला ऐकावं लागतं, “हे चालणार नाही.”

पण दोष एकट्या लेखकाचा किंवा संपादकाचा नाही. बाबासाहेबांनी 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं. 1929 मध्ये ते पैशांअभावी बंद पडलं. लेखणीची धार कमी नव्हती, पैसा कमी पडला. आपण तरी काय वेगळं करतो? लग्नाच्या बिर्याणीवर हजारो उधळतो आणि वर्गणी मागितली की म्हणतो, “पीडीएफ पाठवा ना!”

वाचक लेखकाला पोसणार नसेल, तर जाहिरातदार पोसेल आणि मीठ त्याचंच बोलेल. ज्याचं लिहिणं पटतं त्याची वर्गणी आधी भरा. मग भडक मथळ्याबद्दल खुशाल जाब विचारा.