ओसरीवरचा धनी, चुलीपाशी धनीण



कोंढ्याच्या धानवाल्याच्या घरी जा, नाहीतर यवतमाळच्या पऱ्हाटीवाल्याच्या. ओसरीवर चित्र एकच. खाटेवर म्हातारा, चुलीपाशी म्हातारी आणि पोरगा नागपूर-पुण्याला कामावर.

एक काळ घरात म्हाताऱ्याचा शब्द चाले. वखर कधी धरायचा, तिफण कोणी हाकायची, हे तो सांगे. ज्वारीची भरली कणसे निवडून बियाणे राखणे म्हातारीकडे. 1964 साली संकरित ज्वारी आली, 1970 साली संकरित कापूस, 2002 साली बीटी. बियाणे दुकानातून येऊ लागले. नवे वाण आम्हाला हवेच होते, त्याचा पस्तावा नाही. पण त्याबरोबर म्हाताऱ्या माणसांना विचारणेही थांबले, हे कबूल केले पाहिजे.

पोरालाही नुसता दोष देऊन भागत नाही. शेती तोट्यात म्हणून तो गेला. ज्या मालाला भाव नाही, तो पिकवणाऱ्या बापाच्या शब्दाला भाव कुठून येणार?

तरी म्हातारा निदान थांबू शकतो. म्हातारीला थांबणे नाही. निंदण, वेचणी, नातवंडे, आजाऱ्याची सेवा, सारे तिच्याच माथी. आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. धनी गेल्यावर वारस म्हणून ते लागते, पण तेरवी आटोपत नाही तोच हक्कसोड कागदावर तिचा अंगठा मागितला जातो.

1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. तेव्हाच्या त्या तरण्या बाया आज म्हाताऱ्या झाल्या आहेत. आपल्या नावाचा तुकडा असणे म्हणजे काय, हे त्यांना विचारा.

म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे. जिवंतपणी बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा. आणि पोरांना जमीन बक्षीसपत्राने द्यायचीच असेल, तर सांभाळाची अट त्याच कागदात लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 आहे. अट मोडली, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात तो कागद रद्द करून मागता येतो. तोंडी शब्दावर राहू नका.

हा पोरांवरचा अविश्वास नव्हे. मालाच्या भावासाठी भांडणाऱ्याने घरातल्या घामाचा हिशेबही चोख ठेवावा, एवढेच. बैठकीहून घरी गेल्यावर आधी सातबारा काढून बघा.