विश्लेषण : आयात शुल्काचा हिशेब पक्षाच्या रंगावरून कसा?

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाका ओलांडला की गोदामांच्या रांगा सुरू होतात. परदेशातून आलेला माल आणि देशी कारखान्यांतला माल, दोन्ही इथून पुढे जातात. शेजारीच भिवंडीचे यंत्रमाग आहेत. शुल्क बदलले की त्याची झळ किंवा लाभ इथल्या टेम्पोवाल्यापर्यंत पोहोचतो. तरीही शुल्क चांगले की वाईट, हे देशात बहुधा ते कोणी लावले यावरून ठरते.

कापसाचा वाद काय होता?

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच्या आठवडाभर आधी केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि पुढे ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. स्वस्त कापूस म्हणजे सूतगिरण्या आणि मागांना दिलासा. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला मात्र ऐन हंगामात भाव पडण्याची धास्ती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. वादात मात्र एक बाजू सरकारची आणि दुसरी विरोधकांची झाली.

भूमिका कायम राहतात का?

नाही. यूपीए सरकारने २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के थेट परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा भाजप ‘भारत बंद’मध्ये उतरला. २०१४ नंतर सत्तेत आल्यावर त्याने ते धोरण रद्द केले नाही. ‘आरसेप’ कराराच्या वाटाघाटी यूपीएच्या काळात सुरू झाल्या. २०१९ मध्ये काँग्रेसनेच त्याला विरोध केला. अमेरिकेतही १९९३ मध्ये प्रतिनिधीगृहात ‘नाफ्टा’च्या बाजूने डेमोक्रॅट्सपेक्षा रिपब्लिकन सदस्यांची मते अधिक होती. आज तोच पक्ष ट्रम्प यांच्या शुल्कामागे उभा आहे.

असे का घडते?

शुल्काचा हिशेब किचकट असतो. सुताचा दर, डॉलरचा भाव आणि हमीभाव यांचा मेळ घालण्यापेक्षा आपला नेता काय म्हणतो ते पाहणे सोपे. परिस्थिती बदलल्यावर मत बदलणे गैर नाही. पण केवळ खुर्ची बदलल्यावर ते बदलत असेल, तर तो विचार नव्हे.

मग विचारायचे काय?

शुल्काचा भार कोणाच्या खिशावर, किती काळ आणि ज्याचे नुकसान होईल त्याच्यासाठी तरतूद काय? कापसाची शुल्कमाफी मागाला हवी असेल, तर शेतकऱ्यासाठी हमीभावाची खरेदी केंद्रे वेळेत उघडायला हवीत. हा आग्रह सत्ता कोणाचीही असली तरी धरता येतो. मालाच्या बिलावर पक्षाचे चिन्ह नसते, रक्कम असते.