गाडी विकलीत, मग सुटे भाग कोण देणार?

गेल्या रविवारी दिल्ली छावणीतून ग्रेटर नोएडाला गेलो होतो. माझे जुने कमांडिंग ऑफिसर निवृत्तीनंतर तिथं राहतात. साताऱ्याचे आहेत, त्यामुळे बोलणं मराठीत आणि चहाबरोबर चिवडा ठरलेला. मी नवी गाडी घेतोय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"कुठली घेतोयस रे?"

"इलेक्ट्रिक बघतोय, सर. नवीन कंपनी आहे, किंमत चांगली आहे."

"कंपनी किती वर्षांची?"

"चार."

"आणि गाडी किती वर्षं वापरणार?"

"दहा तरी."

सर हसले. "येताना सूरजपूर लागलं ना? परत जाताना तिथं दोन मिनिटं गाडी थांबव. मग ठरव."

थांबवली. आजचा लेख त्या दोन मिनिटांतून आला आहे. मतं माझी वैयक्तिक आहेत, वर्दीचा त्यांच्याशी संबंध नाही.

सूरजपूर हे गौतम बुद्ध नगर जिल्ह्याचं मुख्यालय. पण पन्नाशीच्या आसपासच्या लोकांना ते दुसऱ्याच कारणासाठी आठवत असेल. देवू गाड्या इथं बनायच्या. १८८९ सालच्या दिल्ली क्लॉथ मिलचा वारसा सांगणाऱ्या डीसीएमनं ऐंशीच्या दशकात टोयोटाबरोबर इथं छोटे ट्रक बनवले. नव्वदच्या दशकात टोयोटाच्या जागी कोरियाची देवू आली आणि १९९५ साली सिएलो रस्त्यावर उतरली. प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० बघून मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला ती गाडी म्हणजे परदेशच वाटायची. मग आली मटीझ. मी तेव्हा खडकवासल्याला एनडीएत कॅडेट होतो. रविवारी लिबर्टीवर पुण्यात आलो की फर्ग्युसन रस्त्यावर मटीझ, सँट्रो आणि आपली पिंपरीची इंडिका, तिन्ही नव्या कोऱ्या दिसायच्या. कुठली चांगली यावर परतीच्या बसमध्ये भांडणं व्हायची.

मटीझ ही फालतू गाडी नव्हती. हे आधी सांगतो, कारण "कोरियन स्वस्त माल, बंद पडणारच" हे वाक्य मी मेसमध्ये शंभर वेळा ऐकलं आहे. तिचं रूप इटलीच्या जुजारो यांच्या इटलडिझाइननं घडवलेलं होतं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्यात फ्युएल इंजेक्शन, आणि गर्दीत कुठंही वळेल असा आकार. माझ्या मामांकडे एक होती. कोथरूडच्या गल्ल्यांत ती त्यांनी वर्षानुवर्षं चालवली आणि शेवटपर्यंत तिचं कौतुकच केलं.

बिघाड गाडीत नव्हता, कंपनीच्या हिशेबात होता. किम वू-चूंग यांनी १९६७ साली कापडाच्या निर्यातीपासून देवू सुरू केली. नव्वदच्या दशकात कर्ज काढून पोलंड, रुमानिया, उझबेकिस्तान आणि भारत असे एकामागून एक कारखाने घेतले किंवा उभारले. १९९७ साली आशियात आर्थिक संकट आलं. बाकीचे उद्योगसमूह हातपाय आखडत होते, तेव्हा देवूनं सँगयाँग ही आणखी एक तोट्यातली मोटार कंपनी घेतली. १९९९ साली समूह कोसळला. कर्ज सुमारे ५० अब्ज डॉलर. किम देश सोडून गेले, २००५ साली परतले आणि २००६ साली हिशेबातल्या लबाडीसाठी त्यांना शिक्षा झाली. २००७ च्या अखेरीस माफीही मिळाली.

देवू मोटर २००० साली दिवाळखोरीत गेली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं २००२ साली तिचे निवडक भाग उचलले. सूरजपूरचा कारखाना त्यांत नव्हता. तो कर्ज देणाऱ्या बँकांच्या, कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या आणि लिलावांच्या वाटेला लागला. कामगार रस्त्यावर आले. ज्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून गाडी घेतली होती, ते दिल्लीत काश्मिरी गेटच्या गल्ल्यांत सुटे भाग शोधत आणि मायापुरीच्या भंगार बाजारात दुसऱ्याच्या मेलेल्या गाडीतून आपल्या गाडीसाठी अवयव काढत फिरू लागले.

आता जो कोरियन नावाला नाक मुरडतो, त्यानं दुसरी कंपनी बघावी. ह्युंदाई मोटरही कोरियाचीच आणि तिचाही जन्म १९६७ चाच. १९९६ साली तिनं भारतात कंपनी काढली, १९९८ साली चेन्नईजवळून सँट्रो आणली. तेच आर्थिक संकट तिनंही पाहिलं. आज तिचं मेकॅनिक आणि स्पेअर तुम्हाला पठाणकोटलाही मिळतं आणि परभणीलाही. २०२३ साली तिनं तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना घ्यायचा करार केला. म्हणजे देवूचे भाग निवडून घेणारी कंपनीच भारतातून निघाली आणि तिची जागा कोरियन कंपनीनं घेतली. तेव्हा देश बघून कंपनीची पारख होत नाही.

मग ग्राहकानं कशी करायची? १९९९ साली सातारा किंवा सांगलीचा एखादा शिक्षक सोलमधल्या समूहाचा ताळेबंद वाचणार होता का? त्या समूहाला कर्ज देणाऱ्या बँकांनाही तो नीट वाचता आला नाही.

इथं मला माझ्या नोकरीतलं एक तत्त्व आठवतं. सैन्य कुठलंही मोठं उपकरण घेताना नुसतं उपकरण घेत नाही. त्याबरोबर सुट्या भागांची यादी ठरते, दुरुस्तीची हत्यारं, पुस्तिका आणि कारागिरांचं प्रशिक्षण ठरतं, किती वर्षं पुरवठा होणार ते ठरतं. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला आणि ज्या देशाकडून आपण रणगाडे, विमानं घेतली होती तो देशच नकाशावरून गेला. सुट्या भागांसाठी आपल्याला नव्यानं झालेल्या देशांची दारं ठोठवावी लागली. १९८६ साली ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, मग लाचेचं प्रकरण निघालं, कंपनीशी व्यवहार थांबले आणि भाग मिळेनात. काही तोफांचे भाग काढून दुसऱ्या तोफा चालत्या ठेवाव्या लागल्या. कारगिलमध्ये त्याच तोफांनी काय काम केलं, ते माजी सैनिकांना मी सांगायला नको. पण त्या चालत्या कशा ठेवल्या, ते ईएमईच्या जुन्या जवानांना विचारा.

सरकार स्वतःसाठी हे शिकलं. नागरिकासाठी मात्र त्यानं काय केलं?

तुम्ही गाडी घेता तेव्हा खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. महाराष्ट्रात रस्ता कर एकरकमी भरून घेतात. म्हणजे सरकार धरून चालतं की ही गाडी १५ वर्षं चालणार, आणि त्या हिशेबानं आधीच पैसे घेतं. दिल्ली परिसरात तर उलट्या बाजूनंही मोजमाप आहे: डिझेल १० वर्षं, पेट्रोल १५ वर्षं. हरित न्यायाधिकरणाचे आदेश २०१४-१५ चे, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढं त्यात बदल होत राहिले, तो वेगळा विषय. मुद्दा असा की गाडीनं कधी मरायचं, यावर कायदा आहे. पण तोपर्यंत ती जगेल इतके सुटे भाग मिळतील, याची हमी देणारा कायदा नाही.

माझाच अनुभव सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही. कॅन्टीनमधून घेतलेली आमची गाडी सात वर्षांची झाली होती. दरम्यान कंपनीनं ते मॉडेल बंद केलं होतं. गुरुग्रामला मागून एका टेम्पोनं ठोकलं आणि आम्ही पुढच्या गाडीवर आदळलो. कुणाला खरचटलंही नाही. इंजिन शाबूत होतं. पण स्टिअरिंगचा एक भाग आणि दिवे मिळेनात. चार महिने गाडी वर्कशॉपच्या अंगणात उभी राहिली. भाग आले तेव्हा त्यांची किंमत ऐकून विम्याच्या सर्वेक्षकानं वही मिटली.

हे गणित समजून घ्या, कारण ते उद्या तुमच्यावर येईल. विम्यात गाडीची एक घोषित किंमत असते, आयडीव्ही. गाडी पाच वर्षांहून जुनी असेल किंवा मॉडेल बंद झालं असेल, तर ती विमा कंपनी आणि मालक यांच्यात बोलून ठरते. बोलून म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. बाजारात भाव पडलेला, म्हणून आयडीव्ही खाली. भाग दुर्मीळ, म्हणून दुरुस्तीचा खर्च वर. आणि खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी 'टोटल लॉस'. आमची धडधाकट गाडी अशी कागदावर मेली. घरी सौ. एवढंच म्हणाली, "तुमच्या रणगाड्याला असं होऊ दिलं असतं का हो?"

म्हणून मध्यमवर्गीय माणूस 'रीसेल व्हॅल्यू, रीसेल व्हॅल्यू' करतो तेव्हा त्याची टिंगल करू नका. तो भित्रा नाही आणि त्याला चांगल्या गाडीची जाणही आहे. सुटे भाग गावोगाव मिळणारी गाडी घेणं, ही त्याच्या परीनं केलेली रसदेची तजवीज आहे. फौजीला तर ती जास्तच लागते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, आज झाशी, उद्या तेजपूर. पण या तजविजीचा तोटाही आहे. सगळेच एक-दोन जुन्या कंपन्यांकडे वळले, की नव्या चांगल्या कंपनीला गिऱ्हाईक मिळत नाही. ग्राहकाला हमी मिळाली, तर नव्या कंपनीचंही भलंच होईल.

असं नाही की कुणाला हे सुचलं नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. २०२२ साली ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही घेतली, संकेतस्थळही काढलं. पण संकेतस्थळावर माहिती टाकली म्हणून बंद पडलेल्या कंपनीचा भाग काही बनत नाही. तिकडं युरोपात २०२१ पासून फ्रीज आणि वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे भाग ७ ते १० वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक आहे. कपडे धुण्याच्या यंत्राला जी हमी तिथं आहे, ती आयुष्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खरेदीला आपल्याकडे का नसावी?

माझी मागणी साधी आहे. विकलेल्या प्रत्येक गाडीमागं कंपनीनं ठरावीक रक्कम एका स्वतंत्र निधीत ठेवावी. समजा किमतीच्या १ टक्का. १५ वर्षं कंपनीनं भाग पुरवले, की रक्कम व्याजासह तिला परत. मध्येच ती बुडाली किंवा निघून गेली, तर त्या पैशातून भाग बनवून घ्यायचे. आणि महत्त्वाच्या भागांची रेखाटनं व दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आधीच सरकारकडे मोहोरबंद ठेवायचं. कंपनी गेली, तर ते फरिदाबाद आणि पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांना खुलं करायचं. भाग बनवण्याचं कसब आपल्याकडे भरपूर आहे.

कुणी म्हणेल, गाड्या महागतील. पाच लाखांच्या गाडीला पाच हजार जास्त, तेही बहुधा कंपनीला परत मिळणारे. सीटच्या कव्हरवर आपण त्याहून जास्त खर्च करतो. कुणी म्हणेल, धंदा म्हटला की बुडण्याचाही हक्क असतो. जरूर असावा. पण बुडताना घेणेकऱ्यांच्या रांगेत बँक पहिली आणि गाडीचा मालक कुठंच नाही, हा कुठला न्याय? उझबेकिस्तानात देवूच्या कारखान्यात सरकारची भागीदारी होती. मूळ कंपनी बुडाली तरी तिथं मटीझ आणि नेक्सिया पुढं अनेक वर्षं बनत राहिल्या. म्हणजे गाडी अनाथ होणं अटळ नव्हतं. आपण आधी काही ठरवलं नव्हतं, म्हणून ती झाली.

हा प्रश्न जुना झाला, असं समजू नका. सिएलोचा भाग निदान लोखंडाचा होता, काश्मिरी गेटचा कारागीर तो घडवू शकायचा. आजच्या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचं नियंत्रण आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरला बांधलेलं असतं. अमेरिकेत २०२४ साली फिस्कर दिवाळखोरीत गेली आणि अगदी नव्या गाड्यांचे मालक सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांसाठी एकमेकांना शोधत बसले. तिथं ते झालं, इथंही होईल.

मी अजून गाडी घेतलेली नाही. परवा शोरूममध्ये तीन प्रश्न लेखी विचारले: हे मॉडेल बंद झाल्यावर भाग किती वर्षं मिळतील? कंपनी राहिली नाही तर गाडीचं सॉफ्टवेअर चालेल का? बॅटरीची हमी कोण पाळणार, उत्पादक की विक्रेता? विक्रेत्या मुलानं तोंडी "सर, काळजी करू नका" म्हटलं. लेखी उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्हीही विचारा. लेखी विचारा. आणि तुमच्या खासदाराला एक पत्र टाका. निवृत्त झालेल्यांनी आधी टाका, तुमच्या हाताला आता वर्दीचं बंधन नाही. मी सरांना सांगून ठेवलंय, त्यांचं पत्र या आठवड्यात जाईल.