मांडणी

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हातात खडू शोभतो, परीक्षेच्या दिवसांत फार तर लाल पेन शोभते. करवत मुळीच शोभत नाही. हे मत माझे नव्हे, आमच्या सौभाग्यवतींचे आहे. २०२४ च्या मे महिन्यात, कॉलेजला सुटी लागल्यावर, कन्येच्या खोलीसाठी पुस्तकांची मांडणी मी स्वतःच्या हातांनी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी हे मत प्रथम बोलून दाखवले आणि मग काही न बोलता औषधांचा डबा फडताळातून काढून हाताशी ठेवला.

'मांडणी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 'शेल्फ' हा शब्द आता आपल्या भाषेत चांगला स्थिरावला आहे आणि त्याच्याशी माझे भांडण नाही. पण माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक लाकडी मांडणी होती. तिच्यावर पितळेची भांडी मोठ्याकडून लहानाकडे अशी ओळीने उभी असत, आणि अंधारातसुद्धा आजीचा हात नेमक्या डब्यावर पडे. पुढे मी प्राध्यापक झालो आणि 'विषयाची मांडणी नीट करा' असे विद्यार्थ्यांना सांगत आजवर पोट भरले. भांडी ठेवायची तीही मांडणी आणि विचार ठेवायचे तीही मांडणी! पुस्तक ही वस्तू या दोहोंच्या मधली. तेव्हा तिलाही हाच शब्द लागू व्हावा, हे रास्त नव्हे काय?

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल की बाजारात हव्या त्या आकाराची तयार शेल्फे मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी? त्याचे उत्तर द्यायचे तर २०१९ च्या ऑगस्टपर्यंत मागे जावे लागेल.

आमचे घर रमणमळ्याच्या बाजूला, पंचगंगेपासून फार दूर नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आकडे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा आधी रिकामा होतो, मग एकेक पेठ आणि वसाहत पाण्याची वाट पाहू लागते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. आम्ही एका नातलगाच्या घरी आश्रयाला होतो. आठवड्याने परत आलो, तेव्हा दारातून आत जाताना पायाखाली चिखल होता आणि भिंतीवर छातीच्या उंचीला एक सरळ, तपकिरी रेघ होती.

तेव्हा कन्या पाच वर्षांची होती. तिच्यासाठी मी हौसेने एक तयार शेल्फ आणले होते. वरून गुलाबी, गुळगुळीत. आतून लाकडाचा भुसा चिकटद्रव्यात दाबून केलेले. या बोर्डाची गंमत अशी की कोरडा असेपर्यंत तो लाकूड असतो. पाणी प्याला की चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो आणि मग स्वतःच्या वजनानेच गळून पडतो. आमचे शेल्फ असेच खाली बसले होते. त्याच खोलीतले आजीचे सागवानी फडताळ मात्र चिखल पुसल्यावर पुन्हा उभेच्या उभे! सागाच्या लाकडात मुळातच तेल असते. पाण्याशी आणि वाळवीशी त्याचे जुने वैर आहे.

पुस्तकांतही असाच उलटा न्याय झाला. कन्येची महागडी, चकचकीत चित्रांची पुस्तके विटांसारखी घट्ट होऊन बसली. अशा कागदावर चिनीमातीसारखा बारीक थर दिलेला असतो. तो ओला होऊन वाळला की पानाला पान असे चिकटते की सुरीनेही सुटत नाही. उलट 'किशोर'चे जुने अंक, जे मी रद्दीतून पाच-पाच रुपयांना आणले होते, ते गच्चीत दोरीवर वाळत घातल्यावर सुरकुतले, पिवळे पडले, पण उघडले. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचे पाणी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले होते. लाखो ग्रंथ चिखलात गेले आणि देशोदेशींचे तरुण ते धुवायला, वाळवायला धावले. ओल्या पुस्तकावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते आणि लगेच वाळवणे शक्य नसेल तर ते गोठवून ठेवावे, हे ज्ञान ग्रंथपालांनी अशाच संकटांतून मिळवले. आमच्याकडे ते ज्ञान आठ दिवस उशिरा उघडले.

२०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांवर गेले. तोवर आम्ही शहाणे झालो होतो. सामान आधीच हलवले होते. त्यानंतर कर्ज काढून घरावर एक खोली चढवली आणि ती कन्येला दिली. त्या खोलीत भुशाचे शेल्फ येऊ द्यायचे नाही, एवढा माझा निश्चय होता.

लाकूड मिळाले टिंबर मार्केटमध्ये. कोणा एका पाडलेल्या वाड्याच्या माळ्याच्या सागवानी फळ्या होत्या. जुन्या लाकडाचा गुण असा की त्याला जे काही वाकायचे, पिळायचे असते ते त्याने पूर्वीच उरकलेले असते. आमच्या गल्लीत एक वृद्ध मिस्त्री राहतात. त्यांना मी नकाशा दाखवला. चार फूट रुंद, सहा फूट उंच, नऊ इंच खोल, सहा कप्पे. खालच्या दोन कप्प्यांना तेरा इंच उंची, कारण लहान मुलांची पुस्तके अंगाने मोठी असतात. वयाबरोबर माणूस वाढतो आणि त्याची पुस्तके आखूड होत जातात.

मिस्त्रींनी चष्मा वर ढकलला. "सर, चार फुटाची फळी एकटी सोडू नगासा. झोल पडंल. पुस्तकं हलकी न्हवंत, सिमिटाच्या पोत्यागत असत्यात."

मी घरी येऊन पुस्तकांची एक फुटाची ओळ वजन-काट्यावर ठेवली. साडेआठ किलो! म्हणजे चार फुटांच्या एका फळीवर तीसपेक्षा जास्त किलोंचा भार. पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने मिस्त्रींच्याच म्हणण्याला गणिताचा कोट घातला. फळी अशी ओळीने भरलेली असेल तर तिची लांबी दुप्पट केल्यावर झोल दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. आणि जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणून मध्ये एक उभी फळी आली. चार फुटांचे दोन-दोन फूट झाले आणि पाऊण इंच जाडीत काम भागले.

पुढचे तीन आठवडे मी अंगणात होतो. रंधा मारताना लाकडाचे तंतू कोणत्या दिशेला झोपले आहेत ते पाहावे लागते. उलट्या दिशेने गेलात की ते ओरखडून उठतात. (विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हे खरे आहे, पण ते पुन्हा कधीतरी.) गुण्या लावल्याशिवाय काटकोनावर विश्वास ठेवायचा नाही. उभ्या फळ्यांत पाव इंचाची खाच पाडून तीत आडवी फळी बसवायची, म्हणजे भार खिळ्यावर न पडता लाकडावर पडतो. अंगठ्याला पटाशी दोनदा लागली आणि औषधांचा डबा सत्कारणी लागला. शेवटी मिस्त्रींनी सगळे हलवून पाहिले आणि एकच सांगितले: "वरनं भितीला आवळा. पोरं शिडी समजून चढत्यात." तेही केले. मुलांच्या खोलीतले उंच लाकूड भिंतीला बांधल्यावाचून ठेवू नये, हे या लेखातले एवढे एक वाक्य तरी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मग माझ्या खऱ्या विषयाची, म्हणजे मांडणीची, वेळ आली. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी आहेत, हे त्यांतले पहिले. त्याला स्मरून मी कन्येच्या हाताला लागतील अशा खालच्या कप्प्यांत गोष्टी, मधल्यांत विज्ञान आणि चरित्रे आणि वरच्या दोन कप्प्यांत पुढच्या वयाची पुस्तके लावली. कप्प्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो खालचे दोन कप्पे रिकामे! कन्येची सगळी लाडकी पुस्तके सहाव्या कप्प्यात, जिथे तिचा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नव्हता. मी ती पुन्हा खाली आणली. ती पुन्हा वर गेली. तिसऱ्या खेपेला मी प्राध्यापकी आवाज काढला.

"अगं, रोज वाचायची पुस्तकं इतक्या वर कशाला? ही काही मांडणीची रीत झाली?"

ती पुस्तके पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, पाणी खालून येतं."

मी खोलीबाहेर आलो. ती खोली पहिल्या मजल्यावर आहे, तिथे पाणी येणार नाही, हे मला सांगता आले असते. पण वाचकहो, एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही. २०१९ साली घर सोडण्यापूर्वी आम्हांला तासभर मिळाला होता. त्या तासात मी माझी पुस्तके माळ्यावर चढवली. शब्दकोश, समीक्षाग्रंथ, माझ्या प्रबंधाची टिपणे, इतकेच काय, माझ्या न खपलेल्या पुस्तकाच्या चाळीस प्रतीसुद्धा. कन्येची पुस्तके तळाच्या कप्प्यात होती, तिच्या हाताला लागावीत म्हणून मीच ठेवलेली. ती मी दुसऱ्या कप्प्यात उचलून ठेवली आणि म्हणालो, '२००५ च्या खुणेच्या वर आहेत, पुरे.' पाच वर्षांचे पोर दाराशी चप्पल घालून उभे होते आणि मी काय आधी उचलतो ते पाहत होते. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. माळ्यावरचे सगळे वाचले, हेही तिने पाहिले.

माणूस काय मानतो ते त्याच्या भाषणावरून कळत नाही. पाणी दाराशी आले असता तो काय आधी उचलतो त्यावरून कळते. आयुष्यभर मांडणी शिकवणाऱ्या मला हा धडा तेव्हा मिळाला होता. तो वाचायला मला पाच वर्षे लागली.

त्या संध्याकाळी मी माझे शब्दकोश वर नेले आणि कन्येच्या मांडणीच्या तळाच्या दोन कप्प्यांत लावले. चाळीस प्रतीही. चिठ्ठ्या काढून टाकल्या. उरलेल्या फळीचा एक ठेंगणा, दोन पायऱ्यांचा घोडा करून दिला, म्हणजे डुगडुगणारे स्टूल नको. ती शब्दकोशांकडे पाहून म्हणाली, "ही भिजतील की!"

"भिजू देत," मी म्हणालो. "या खेपेला त्यांची पाळी."

त्याच वर्षी जुलैत नदीने पुन्हा ४३ फूट ओलांडले. आमच्या गल्लीच्या उताराला, अगदी खालच्या टोकाला तिची एक मैत्रीण राहते. त्यांचे कुटुंब रात्री हलणार होते. सायंकाळी ती पोर दोन पिशव्या घेऊन आमच्या दारात आली. पिशव्यांत पुस्तके होती. मी वर जाऊन पाहतो तो कन्येने आपली पुस्तके सहाव्या कप्प्यातून काढून पाचव्यात उतरवली होती आणि मैत्रिणीची सहाव्यात लावत होती.

"आणि तुझी?" मी विचारले.

"माझी एक कप्पा खाली चालतील. तिचं घर खाली आहे."

पाणी ओसरले, मैत्रीण परत आली, पिशव्या घरी गेल्या. कन्येची पुस्तके मात्र पाचव्या कप्प्यातच राहिली. सहावा तिने मोकळा ठेवला आहे. कशासाठी ते मी विचारले नाही.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत मांडणी सगळी रिकामी केली. जुन्या सागाला तेलाचा हात दिला. फळ्या जागच्या जागी आहेत, कुठेही झोल नाही. पुस्तके जमिनीवर पसरली होती. मी दोन उचलली आणि कन्येला विचारले, "कशी लावू?"

"मी लावते, बाबा. तुम्ही फक्त फळ्या पुसा."

मी निमूटपणे फडके घेतले.