वाट किती दिवस पाहावी?

गेल्या वर्षी सुक्कोथच्या सुट्टीत दक्षिणेकडील एका गावी स्नेह्यांच्या घरी मलिद्याचा योग आला होता. ताट भरलेले होते, आलियाहू हन्नाबीचे गीत चालू होते, आणि त्या सर्व गडबडीत घरातील बावीस महिन्यांचा नातू भिंतीशी बसून स्टीलच्या डब्याचे झाकण जमिनीवर फिरवीत होता. थांबले की पुन्हा फिरवी. आजीने त्यास नावाने चार वेळा हाक मारली. त्याने मान वळविली नाही. शेवटी आजी आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "याचा बाप तरी कुठं तीन वर्षांपर्यंत बोलत होता? मुलगे उशिराच बोलतात." सून त्यावर काही बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा मात्र ती जिन्यापर्यंत आली आणि हलक्या आवाजात सांगू लागली, की टिपत हलावच्या परिचारिकेने चार महिन्यांपूर्वीच बालविकास केंद्राकडे जाण्यासाठी चिठ्ठी दिली आहे, व ती चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली तशीच आहे. "इतक्या लहान वयात उपचार सुरू केले तर घाई तर होणार नाही ना?" असा तिचा प्रश्न होता.

त्या जिन्यावर आम्ही जे उत्तर दिले तेच येथे विस्ताराने देत आहोत. घाई होत नाही. उशीर होत आहे.

आजीचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात. परंतु नुसते उशिरा बोलणारे मूल मुके असूनही बोलके असते. ते बोट दाखवून विमान दाखविते, खेळणे आणून आपल्या मांडीवर ठेवते, आपण हसलो का हे वळून पाहते. वर्षभराचे मूल बहुधा नावाने हाक मारताच वळते, आणि दीड वर्षाचे मूल आपणांस काही दाखविण्यासाठी बोट पुढे करते. हे घडत नसेल, किंवा आलेले दोन-चार शब्द पुन्हा नाहीसे झाले असतील, तर बापाच्या बालपणाचा दाखला पुरेसा नाही. अशा एखाद्या खुणेवरून मूल स्वमग्न ठरत नाही, हेही तितकेच खरे. प्रथम कान तपासून घ्यावेत, कारण ज्यास ऐकू येत नाही तेही वळून पाहत नाही. पुढचा निर्णय तज्ज्ञांचा. आपला निर्णय एवढाच, की त्यांच्याकडे केव्हा जावयाचे.

आता ही चिठ्ठी चुंबकाखाली का राहते? आळसाने नव्हे. आपल्या घरांतून शिक्क्याची एक जुनी भीती आहे, आणि तिला कारण आहे. साठीच्या दशकाच्या आरंभी याच देशात आपल्या मुलामुलींच्या विवाहनोंदणीच्या वेळी आपल्या यहुदीपणाबद्दल शंका घेतली गेली. त्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांना रस्त्यावर बसावे लागले, आणि १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले तेव्हा कोठे तो प्रश्न निवळला. ज्यांनी हे भोगले त्यांच्या नातवाच्या कागदावर कोणी एखादा शब्द लिहू लागले की त्यांचा हात आखडतो. थोरल्या बहिणीच्या लग्नाचे काय होईल, हाही विचार मनात डोकावतोच. आम्ही हे समजू शकतो. पण तो शिक्का आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी होता; हा कागद मुलाला आत घेण्यासाठी आहे. त्याच कागदावर बितुआह लेउमीचा मासिक भत्ता मिळतो, आणि २००० सालच्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांसाठी जी माओन योम शिकुमी, म्हणजे उपचारांची सोय असलेली पाळणाघरे झाली, त्यांचे दारही त्यानेच उघडते.

तरीही कागद येईपर्यंत हात बांधून बसावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. येथेच पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचीही गफलत होते. निदानासाठी वैद्य व मानसशास्त्रज्ञ असे दोघांचे मत लागते, आणि त्यांची वेळ मिळण्यास महिने जातात. परंतु वाचोपचार आणि हातापायांच्या, खाण्यापिण्याच्या, खेळण्याच्या सवयींसाठी असलेला व्यवसायोपचार हे कुपत होलीमच्या बालविकास केंद्रांतून विकासात मागे पडलेल्या कोणत्याही मुलास मिळतात. त्यासाठी स्वमग्नता हा शब्द लिहिलेला असावा लागत नाही. म्हणून दोन्ही रांगांत एकदम उभे राहावे. सहा महिन्यांनी शंका खोटी ठरली तर गेले काय? काही सकाळी आणि बसचे भाडे. खरी ठरली तर ते सहा महिने हाती राहिले. शिवाय तीन वर्षे पूर्ण होताच मुलाची व्यवस्था बालवाडीकडे, म्हणजे शिक्षण खात्याकडे जाते, आणि ते वर्ष पहिल्या सप्टेंबरला सुरू होते. बावीस महिन्यांच्या मुलास तिसऱ्या वाढदिवसापर्यंत चौदाच महिने उरलेले असतात.

वर्तनोपचार म्हणजे काय, याविषयीही आपल्याकडे गैरसमज फार. कोणी त्यास शिस्त लावणे समजतो, कोणी औषध. खरे पाहता कल्पना साधी आहे. मुलास पाणी हवे आहे. पेला समोर धरून उपचारक क्षणभर थांबतो. मुलाने नजर वर केली, हात पुढे केला, काही आवाज काढला, की पेला तत्काळ हाती. हळूहळू त्या आवाजाचा शब्द होतो. मोठे काम लहान लहान पायऱ्यांत तोडावयाचे व प्रत्येक पायरीला मुलास आनंद मिळेल असे करावयाचे. १९८७ साली अमेरिकेत लोव्हास नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चार वर्षांखालील १९ मुलांना आठवड्यास सुमारे ४० तास अशी शिकवण दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील ९ मुले सामान्य बुद्ध्यांकापर्यंत पोचून साधारण शाळेच्या पहिल्या वर्गात गेली, असा त्याचा दावा होता. त्या बातमीने आईबापांच्या मनात आशा पेटली, ती आजतागायत. परंतु त्या प्रयोगात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि दटावणे व मांडीवर चापट मारणे हाही त्या पद्धतीचा भाग होता, हे सांगावयास लोक विसरतात. त्या पद्धतीतून गेलेली मुले आज प्रौढ आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी लिहिले आहे की आम्हांला बोलावयास नव्हे, तर आपले स्वरूप लपवावयास शिकविले गेले. हे वाचून आम्ही अस्वस्थ झालो आणि अस्वस्थ व्हावे असेच ते आहे.

पुढे पद्धत बदलली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, डेन्व्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या प्रयोगात ४८ मुले होती, दीड ते अडीच वर्षांची, आणि या वेळी विभागणी चिठ्ठीनेच झाली होती. त्यांतील निम्म्यांना दोन वर्षे जमिनीवर बसून, खेळाच्या ओघात शिकविले गेले आणि आईबापांनाही ती रीत शिकविली गेली. त्यांची भाषा व समज दुसऱ्या गटाहून अधिक वाढली.

म्हणून आमचे मत असे, की आरंभ लवकर करावा, पण थोडक्यापासून. दोन वर्षांच्या मुलास दुपारची झोप लागते, आईची मांडी लागते, अंगणातील वाळूही लागते. चाळीस तासांचे वेळापत्रक त्याच्या माथी मारून ही सर्व हिरावून घेऊ नयेत. खाजगी उपचाराची जाहिरात करणारे कोणी "तीन वर्षांनंतर मेंदूचे दार बंद होते" असे सांगून तुम्हांला घरावर कर्ज काढावयास लावील, तर त्यास नमस्कार करून बाहेर यावे. तीन वर्षांनंतर काही बंद होत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी ज्यांच्या ध्यानी आले त्यांची मुलेही शिकतात. आईस खोलीबाहेर बसविणारा, रडणाऱ्या मुलास रडू देणारा, बरे करण्याची हमी देणारा, या तिघांपासून दूर राहावे. आणि पहिल्याच भेटीत विचारावे, की तुम्ही यास काय शिकविणार? पाणी मागणे, कोठे दुखते ते दाखविणे असे उत्तर आले तर ठीक. आनंदाने हात हलविणे थांबविणार असे आले, तर त्या हातांनी कोणाचे काय बिघडविले आहे, असे विचारण्यास लाजू नये.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष बोचते. त्या सुनेस कोणीतरी सांगितले होते, की घरात मराठी बंद करा, मूल गोंधळते. तेव्हापासून आजी नातवाशी मोडक्या हिब्रूत चार शब्द बोलत आणि गप्प होत. द्वैभाषिक घरांतील स्वमग्न मुलांचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत दोन भाषांमुळे मूल अधिक मागे पडल्याचे आढळलेले नाही. ज्या मुलास माणसाच्या आवाजाकडे वळावयास शिकवावयाचे, त्याच्या भोवतीचा सर्वांत प्रेमळ आवाज मुका करणे हा कोणता उपचार?

आजींनी नवस बोलला आहे, की नातू बोलू लागला तर अलिबागजवळ खंडाळ्यास आलियाहू हन्नाबीच्या टापाशी जाऊन मलिदा करीन. नवस जरूर बोलावा. त्याच सकाळी केंद्राला टेलिफोनही करावा.

त्या घरी टेलिफोन झाला. नंबर साडेतीन महिन्यांनी लागला. कान निर्दोष निघाले. वाचोपचार आठवड्यातून एकदा सुरू झाला, आणि निदानाचा कागद त्यानंतर आला. मूल अजून बोलत नाही. परंतु झाकण थांबले की ते उचलून आजीच्या हातात देते, तिने फिरवावे म्हणून, आणि ती "फिरव?" असे मराठीत विचारीपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत राहते.

ज्यांच्या घरी अशी चिठ्ठी पडून आहे व हिब्रू अर्ज भरणे ज्यांना जड जाते, त्यांनी शब्बाथनंतर सिनेगॉगमध्ये आम्हांला भेटावे. आम्ही बरोबर येऊ. येताना मुलाची टिपत हलावची वही, कानतपासणी झाली असल्यास तिचा कागद, आणि मूल काय करते व काय करीत नाही याची घरच्यांनी मराठीत लिहिलेली टिपणे आणावीत. भाषांतर आम्ही करू.