पेटीतली थांबलेली घड्याळे

माउली, जुन्या घड्याळांचा नाद आता आपल्या माळकरी मंडळींतही शिरला आहे, म्हणून हे लिहितो. चावीची मनगटी घड्याळे, साखळीची खिशातली घड्याळे शोधून आणायची, मखमली पेटीत मांडायची आणि एकादशीला एक, द्वादशीला दुसरे मिरवायचे. कोणी टोकले तर उत्तर तयार असते, "महाराज, हे व्यसन थोडेच? हा तर वारसा!"

आधी घड्याळाची बाजू सांगतो. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे करायला आरंभ केला. त्यांतले 'जनता' हे घड्याळ नावाप्रमाणे जनतेच्याच हातावर आले. रोज चावी द्यावी, सेलची गरज नाही. सेकंदाला 5 ठोके, म्हणजे अहोरात्रात 4,32,000. आपली योगपरंपरा अहोरात्रात 21,600 श्वास मोजते. भागून पाहा, एका श्वासाला बरोबर 20 ठोके पडतात. असे घड्याळ बांधून जो काकड्याला वेळेवर उभा राहतो, त्याला माझा दंडवत. बापाचे घड्याळ लेकाने वापरावे, यात दोष कसला?

दोष वापर संपतो तिथे सुरू होतो. पेटीतल्या चाळीस घड्याळांना रोज चावी कोण देतो? चावीचे घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून राहिले की आतले तेल सुकते, घट्ट होते. तुम्ही त्याला जतन म्हणता, मी त्याला कोंडणे म्हणतो.

"आम्ही घेतली नाहीत तर भंगारात जातील," हा दुसरा पूर्वपक्ष. 2016 साली एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हापासून शौकिनांची मागणी वाढली. मागणी आली तशी लबाडीही आली. जुनी तबकडी नव्याने रंगवायची, एकाचे काटे दुसऱ्याला लावायचे आणि अस्सल म्हणून विकायचे. हाच तुमचा वारसा?

त्याहून वाईट प्रकार गावात घडतो. घरातला म्हातारा वारकरी वैकुंठवासी होतो. शौकीन दारी येतो, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात रामकृष्णहरी. म्हातारीच्या हातावर दोनशे रुपये ठेवून घड्याळ नेतो. बाजारातला भाव त्याला ठाऊक असतो, तिला नसतो. माउली, भाव लपवून घेतलेली वस्तू आणि चोरलेली वस्तू यांत अंतर किती, हे ज्याने त्याने पांडुरंगासमोर उभे राहून ठरवावे.

गांधीजींचे खिशातले झेनिथ घड्याळ आठवा. वेळ पाळण्यासाठी बाळगलेली ती वस्तू. 2009 साली न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला, ताट-वाटीसह ती 18 लाख डॉलरला गेली, आणि बोली जिंकली मद्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने! ज्यांनी दारूबंदीसाठी जन्म वेचला, त्यांच्या घड्याळाची ही गत. वस्तू राहिली, व्रत गेले. संग्रहाचा शेवट असाच होतो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने मधमाशीला गुरू केले आहे. ती साठवते आणि साठ्यापायीच नाश पावते. तुम्ही म्हणाल, "तो उपदेश भिक्षूला, आम्ही संसारी." मान्य. संसाऱ्याने धान्य साठवावे, कारण अतिथी येतो. पण चाळीस घड्याळांनी कोणत्या अतिथीचे पोट भरते? संसाऱ्याला संग्रहाची मुभा आहे ती उपयोगासाठी.

म्हणून स्पष्ट सांगतो. एक घड्याळ ठेवा, रोज चावी द्या, दिलेला शब्द त्यावर पाळा. बाकीची दुरुस्त करून भाच्या-पुतण्यांना, भजनी मंडळातल्या पोरांना वापरायला द्या. पडत्या भावात घेतलेले असेल, तर त्या घरी जाऊन उरलेली रक्कम पोचती करा. वारीला निघण्यापूर्वी एवढे कराच.

वाटेवर तिसरा कर्णा झाला की पालखी निघते. कोणाच्या पेटीत किती घड्याळे आहेत, हे पाहून ती थांबत नाही.

रामकृष्णहरी.